सुई ओवता येते, तरी काचबिंदू?

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून साठीतली एक बाई डोळे तपासायला येते. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ ती न अडखळता वाचते. डॉक्टर डोळ्याचा दाब मोजतात, बाहुली मोठी करायचे थेंब घालून आत बघतात आणि काचबिंदू आहे असं सांगतात. तिचा विश्वास बसत नाही. पेपर वाचता येतो, अजून सुई ओवता येते, डोळा दुखत नाही की लाल होत नाही. मग आजार कुठला? सोबत आलेल्या मुलाचा प्रश्न वेगळा असतो: "ऑपरेशन केलं की नीट दिसेल ना?" नेत्रतज्ज्ञांच्या खोलीत हे दोन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत रोज ऐकू येतात.

दोन्हींचं मूळ मोतीबिंदूत आहे, कारण घराघरांत माहितीचा आजार तोच. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की दुसऱ्या दिवशी रंग उजळ दिसू लागतात. काचबिंदूत झिजते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, आणि झिजलेली नस कुठल्याही औषधानं परत येत नाही. उपचार असतो तो उरलेली राखण्यासाठी. त्यामुळे एक विचित्र पंचाईत होते: रुग्णाला आजार जाणवत नाही आणि औषधाचा गुणही जाणवत नाही. महिनाभर नेमानं थेंब घालून नजर होती तशीच राहिली, तर औषधानं आपलं काम चोख केलेलं असतं. रुग्णाला मात्र वाटतं, काहीच फरक पडला नाही.

भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन झालेल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांतल्या दहापैकी नऊंहून अधिक जणांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता.

१. दिसत नाही, हेच दिसत नाही

हे कसं शक्य आहे, याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. वहीचा रेघांचा कागद घ्यावा. त्यावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे बरोबर ८ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्यानं फुलीकडेच टक लावावी आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणावा. डोळ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका अचानक नाहीसा होतो. गंमत पुढेच आहे. ठिपक्याच्या जागी भोक दिसत नाही की अंधार दिसत नाही. दिसतो तो कागद, आणि त्यावरच्या रेघाही सलग.

सतराव्या शतकात एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञानं हा आंधळा बिंदू शोधला. जिथून नस डोळ्याबाहेर पडते, तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. तेवढा तुकडा जन्मापासून सगळ्यांनाच दिसत नाही. आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. काचबिंदूत असेच नवे तुकडे तयार होतात, आणि मेंदू तेही तितक्याच सराईतपणे भरतो. शिवाय एका डोळ्यानं गमावलेला भाग बरेचदा दुसरा डोळा सांभाळून घेतो. माहितीपत्रकांवर काळ्या भुयारातून दिसणाऱ्या रस्त्याचं चित्र असतं, ते म्हणूनच दिशाभूल करतं. काळं दिसायची वाट बघत बसलेल्याला काळं दिसतच नाही. त्याला दिसतं ते असं: जिन्याची शेवटची पायरी चुकते, दाराची चौकट खांद्याला लागते, बाजूनं आलेली रिक्षा एकदम अंगावर आल्यासारखी वाटते.

मधली नजर, म्हणजे वाचायची आणि सुई ओवायची, सहसा सगळ्यात शेवटी जाते. भिंतीवरचा तक्ता तपासतो ती हीच मधली नजर. तक्ता पूर्ण वाचला याचा अर्थ एवढाच, की मधला भाग शाबूत आहे.

नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यांतले चौथा ते तिसरा हिस्सा गेल्यावर कुठे यंत्रावर दोष उमटू लागतो; माणसाला स्वतःहून कळतं ते त्याच्याही बऱ्याच नंतर.

२. मोरीची जाळी

नस झिजते कशानं, हे कळायला आधी डोळ्यातलं पाणी समजून घ्यावं लागतं. हे पाणी अश्रूंचं नव्हे. अश्रू डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. हे आत असतं. डोळ्याचं भिंग आणि पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, यांत रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलं नसतं. मग त्यांना पोसायचं कुणी? ते काम हे पाणी करतं. आयरिस नावाच्या रंगीत पडद्यामागे ते मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर या गतीनं तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं, आणि कॉर्निया व आयरिस जिथं मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात जातं. दिवसभरात जेमतेम तीन मिलिलिटर, अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. दीड-दोन तासांत पुढचं सगळं पाणी बदलून जातं.

ज्या मोरीचा नळ कधीच बंद करता येत नाही, अशी मोरी डोळ्यांपुढे आणावी. जाळी स्वच्छ आहे तोवर पाणी येतं तेवढंच जातं. जाळी वर्षानुवर्षांच्या गाळानं बुजत गेली, तर पाणी हळूहळू चढतं. किंवा जाळी स्वच्छच आहे, पण एखादी फरशी सरकून तिच्या तोंडावर बसली, तर पाणी बघता बघता तुंबतं. काचबिंदूचे दोन मुख्य प्रकार हे असे आहेत. पहिल्याला उघड्या कोनाचा म्हणतात, दुसऱ्याला बंद कोनाचा.

डोळा बंदिस्त गोळा आहे, त्यामुळे वाढलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. त्याची कमजोर जागा मागे असते: तंतू बाहेर पडतात ती सच्छिद्र, पातळ चकती. दाबाखाली ती मागे झुकते, छिद्रांतून जाणारे तंतू चेपले जातात, त्यांचा रक्तपुरवठाही घटतो. डॉक्टर बाहुलीतून आत बघतात तेव्हा नसेच्या तोंडाशी असलेला खळगा किती रुंदावला आहे, हेच मोजत असतात. केसपेपरवर ०.३ किंवा ०.८ असे आकडे असतात ते या खळग्याचे.

जाता जाता एक खुलासा. डोळ्याचा दाब आणि रक्तदाब या वेगळ्या गोष्टी आहेत. बीपीची गोळी नियमित चालू आहे म्हणून डोळ्याचा दाब ताब्यात असेल, असं नाही.

३. २१ या आकड्याचा दरारा

डोळ्याचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. १० ते २१ हा नेहमीचा पल्ला. बरेच रुग्ण हे २१ पास-नापासाच्या रेषेसारखं पाठ करून ठेवतात, आणि तिथंच घोटाळा होतो.

अमेरिकेतला एक अभ्यास याबाबत बोलका आहे. दाब २४ ते ३२, पण नस अजून धडधाकट, अशा १,६३६ जणांचे दोन गट केले. एका गटाला दाब उतरवणारे थेंब दिले, दुसऱ्यावर नुसती नजर ठेवली. २००२ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांत थेंब न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेतलेल्यांपैकी ४.४ टक्के. थेंबांनी धोका निम्म्याहून खाली आणला, हे खरं; पण दाब चढा असून औषधाविना राहिलेल्या शंभरातल्या नव्वद जणांना पाच वर्षांत काहीच झालं नाही, हेही तितकंच खरं. उलट, दाब कधीच २१ च्या वर न जाता नस झिजणारेही पुष्कळ असतात. कुणाची नस २५ सोसते, कुणाची १६ सुद्धा सोसत नाही. म्हणून डॉक्टर प्रत्येकासाठी वेगळं लक्ष्य ठरवतात. दाब २८ आणि नसेला थोडी इजा असेल, तर २० वर आणून भागेल. १८ असूनही बरीच नस गेली असेल, तर १२ पर्यंत खाली न्यावं लागतं.

मोजमापातही एक खोच आहे. यंत्र कॉर्निया दाबून दाब मोजतं, त्यामुळे कॉर्निया पातळ असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या आठ गावांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांची बारकाईनं नेत्रतपासणी झाली. त्यांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१५ मायक्रॉनच्या आसपास निघाली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती ५४०-५५० च्या घरात असते. विदर्भातल्या शेतकऱ्याचा १९ आणि जर्मन माणसाचा १९ म्हणूनच एका मापानं वाचून चालत नाही.

योगासनं करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो. चेन्नईत योगाभ्यास करणाऱ्यांवरच हे मोजलं गेलं आहे. चालणं, प्राणायाम, बाकीची आसनं खुशाल करावीत. काचबिंदू असलेल्यानं डोकं खाली करून राहायची आसनं तेवढी वगळावीत.

४. पित्त समजून घालवलेली रात्र

उघड्या कोनाचा काचबिंदू वर्षं घेतो. बंद कोनाचा झटका काही तासांत नजर नेऊ शकतो. आशियाई लोकांत, बायकांत आणि चष्म्याचा प्लस नंबर असलेल्यांत तो जास्त दिसतो, कारण त्यांच्या डोळ्याची पुढची खोली मुळातच उथळ असते. त्यात वयाबरोबर भिंग फुगतं आणि आयरिसला पुढे ढकलतं. संध्याकाळी अंधारात बाहुली मोठी झाली, की आयरिसची कड कोनावर जाऊन बसते.

मग एका बाजूचं डोकं भयंकर ठणकतं, उलट्या होतात, डोळा लालबुंद होतो, दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी दिसतात. उलट्यांमुळे घरचे पित्त समजतात, डोकेदुखीमुळे अर्धशिशी. सोडा, आलं-लिंबू, पेनकिलर यांत रात्र निघून जाते आणि सकाळी डोळ्याच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत बरंच हातचं गेलेलं असतं. दुखणाऱ्या बाजूचा डोळा लाल आणि धूसर असेल तर ते पित्त नव्हे, तातडी आहे. रुग्णालयात शिरेतून औषध देऊन दाब उतरवतात, मग लेसरनं आयरिसला टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक छिद्र पाडतात. त्यातून पाण्याला आडवाट मिळते. दुसऱ्या डोळ्याची ठेवणही तशीच असल्यानं त्यालाही आधीच छिद्र पाडून ठेवतात.

हा उपाय आजचा नाही. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यानं १८५७ मध्ये आयरिसचा तुकडा कापून काढून काचबिंदूचे डोळे वाचवून दाखवले. मात्र काहींना त्यानं उत्तम गुण यायचा, काहींना अजिबात नाही. याचं कारण पुढं ऐंशी वर्षांनी नीट लागलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओटो बार्कन यांनी कोनात डोकावून बघण्याच्या भिंगाचा आधार घेऊन १९३८ मध्ये दोन प्रकार वेगळे मांडले. फरशी सरकलेल्यांनाच ग्रेफेची शस्त्रक्रिया लागू पडत होती. गोनिओस्कोपी नावाची कोन बघण्याची ही तपासणी दोन मिनिटांची असते. गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते, हे दुर्दैव.

५. ओढवून घेतलेले प्रकार

दुसऱ्या कारणांनी होणाऱ्या काचबिंदूंची यादी लांबलचक आहे. त्यातला एक सहज टळण्यासारखा, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. उन्हाळ्यात मुलांचे डोळे ॲलर्जीनं खाजतात. डॉक्टर आठ दिवसांसाठी स्टिरॉइडचे थेंब देतात. खाज दुसऱ्याच दिवशी थांबते, आणि घरच्यांना बाटलीचं नाव पाठ होतं. पुढच्या उन्हाळ्यात, मग त्याच्या पुढच्या, मेडिकलमधून परस्पर तीच बाटली येत राहते. बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं लेबलवर दिसली, तर ते स्टिरॉइड आहे असं समजावं. साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्याचा दाब यानं थोडाफार चढतो, आणि शंभरातल्या पाच-सहा जणांचा भलताच. थेंब थांबवले की दाब बहुधा उतरतो, पण तोवर गेलेली नस गेलीच. डोळा पांढराशुभ्र, खाज नाही, आणि दहावीतल्या मुलाची नजर कडेनं संपत आलेली, असं चित्र नेत्रतज्ज्ञांना नवं नाही.

मोतीबिंदू "पिकू द्या" म्हणत वर्षं घालवली, तर फुगलेलं किंवा फुटू लागलेलं भिंगही काचबिंदू घडवतं. विटी लागणं, चेंडू लागणं, फटाका उडणं यांनी कोनाची जाळी फाटते आणि दाब कधीकधी दहा-पंधरा वर्षांनी चढतो. बरीच वर्षं दुर्लक्षित मधुमेहात कोनावर नको त्या रक्तवाहिन्या उगवतात. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन पाय सुजण्याची साथ आली होती. त्या विषबाधेतही डोळ्याचा दाब चढतो.

तान्ह्या बाळालाही काचबिंदू होतो. बाळाचा डोळा मऊ असल्यानं दाबाखाली तो ताणून मोठा होतो, आणि "काय टपोरे डोळे आहेत!" म्हणून कौतुक होतं. डोळ्यातून सतत पाणी, उजेडात डोळे घट्ट मिटून घेणं, कॉर्निया निळसर-धुरकट, यांपैकी काही असेल तर कौतुक बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवावं. इथं शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय असतो. इटालियन गायक आंद्रेया बोचेल्ली याला जन्मतः काचबिंदू होता. बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना डोळ्याला मार लागून उरलेली नजरही गेली. फुटबॉलचाच दुसरा दाखला नेदरलँड्सच्या एडगर डेव्हिड्सचा. ऐन पंचविशीत काचबिंदू निघाला, १९९९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर तो संरक्षक गॉगल लावून वर्षानुवर्षं वरच्या दर्जाचं फुटबॉल खेळत राहिला.

६. बटण दाबायची परीक्षा

नजरेचा किती परिसर उरला आहे, हे फील्ड टेस्टमध्ये कळतं. एक डोळा झाकून, अर्धगोल भांड्यापुढे हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठेही ठिणगी दिसली की बटण दाबायचं. लोक घामाघूम होऊन बाहेर येतात. "निम्मे दिवे दिसलेच नाहीत हो!" त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दिसण्या-न दिसण्याची हद्द शोधायची म्हणून यंत्र मुद्दाम दिवे मंद करत नेतं. निरोगी माणसालाही त्यांतले जवळपास निम्मे दिसत नाहीत. पहिली टेस्ट बहुतेकांची बिघडते, ती सवयीनं सुधारते. म्हणून एका कागदावरून निवाडा न देता काही महिन्यांनी ती पुन्हा करतात. ओसीटी नावाचं यंत्र तंतूंच्या थराची जाडी मोजतं. त्यात रुग्णाला बटण दाबायचं नसतं, नजर तेवढी स्थिर ठेवायची असते.

७. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया

सगळ्या उपचारांचं काम एकच: दाब उतरवणं. नळ बारीक करायचा किंवा निचरा वाढवायचा. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलच्या जाबोरांडी झुडपातलं पिलोकार्पिन आलं, १९७० च्या दशकाअखेर टिमोलॉल, १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट. शेवटचं रात्री एकदाच घालायचं असतं, म्हणून सोयीचं. त्यानं पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. त्याच्याच कुळातल्या एका औषधाला अमेरिकेत २००८ मध्ये चक्क पापण्यांच्या सौंदर्यासाठी मंजुरी मिळाली! टिमोलॉलला मात्र दम्याच्या आणि मंद नाडीच्या रुग्णांनी जपावं. थेंब डोळ्यात घातला तरी नाकावाटे रक्तात जातो; म्हणून थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा.

थेंब नीट पडतो का, हे बाटलीच सांगते. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळे, रोज एकेक थेंब, म्हणजे ४० रात्री. बाटली वीस दिवसांत संपली तर निम्मं औषध गालावरून ओघळतंय. तीन महिने पुरली तर निम्म्या रात्री चुकल्या आहेत. एका वेळी दोन थेंब घालून फायदा नाही, डोळ्यात तेवढी जागाच नसते. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत.

थेंबांचा कंटाळा हा या आजारातला मोठा अडसर असल्यानं लेसरला महत्त्व आलं आहे. उघड्या कोनाच्या जाळीवर सौम्य लेसर मारला की निचरा सुधारतो. काम काही मिनिटांचं, भरती व्हावं लागत नाही. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या तुलनेचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. आधी लेसर केलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनीही एकही थेंब न घालता लक्ष्यावर होता. थेंबांच्या गटात ११ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, लेसरच्या गटात एकही नाही. परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, मग लेसर पुन्हा करता येतो.

एवढं करूनही दाब ऐकत नसेल, तर १९६८ मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी रूढ केलेली शस्त्रक्रिया करतात. वरच्या पापणीखाली पाण्यासाठी नवी वाट काढली जाते, तिथं छोटा फुगा तयार होतो. जखम भरून वाट बुजू नये म्हणून खास औषध लावतात. हा फुगा जन्मभर जपावा लागतो. वर्षांनंतरही डोळा लाल झाला, घाण येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वाट बुजलीच तर नळी बसवतात. परदेशी नळ्या महाग पडत, म्हणून मदुराईच्या ऑरोलॅबनं स्वस्त नळी काढली, आणि त्यामुळे साध्या उत्पन्नाच्या घरांच्याही आवाक्यात हा उपाय आला.

८. भावंडं किती?

निदान झालं की रुग्ण पथ्य विचारतो, डॉक्टर भावंडं किती ते विचारतात. रॉटरडॅमच्या पाहणीत रुग्णांच्या जवळच्या नातलगांत आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता २२ टक्के निघाली, इतर घरांत २.३ टक्के. सख्खी भावंडं आणि चाळिशी गाठलेली मुलं यांची तपासणी म्हणूनच लगेच करायची असते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून ती होत नाही, कारण तिथं तपासली जाते ती मधली नजर. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन दाब, नस आणि कोन या तिन्ही तपासण्या झाल्या का, हे विचारावं. आणि सगळं नीट निघालं, तर पुन्हा कधी यायचं ती तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी.